बेला राजाची खुर्ची

माझ्या घरी येऊन माझीच खुर्ची हलवून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नुसता हात लावून नाही हो! पाठ धरायची, पुढेमागे डुलवायची, वाकून चारी पाय न्याहाळायचे, बैठकीवर मुठीने दोनदा ठोकायचं आणि मगच 'बिस्मिल्ला' म्हणून टेकायचं. पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, हा बाबा ढेकूण शोधतोय की काय. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! खुर्च्या जुन्या होत्या हे खरं, सौदीतलं हे आमचं खोबर शहर सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतलेल्या. पण आणल्या दिवशी मी त्या गरम पाण्याने दोनदा पुसल्या होत्या.

"चाचा, खुर्ची मोडकी नाहीये," मी जरा ठसक्यातच म्हटलं.

"बेलाचीपण नव्हती, वैनी," ते म्हणाले आणि शांतपणे जेवायला बसले.

मला वाटलं, बेला म्हणजे त्यांची मुलगी असणार, बिचारी पडली-बिडली असेल. दुपारभर मला स्वतःचीच लाज वाटत राहिली. ते गेल्यावर आमच्या ह्यांनी हसत हसत सांगितलं की बेला हा बाप्या होता. हंगेरीचा राजा. हजारेक वर्षांपूर्वी त्याचं सिंहासनच त्याच्या अंगावर कोसळलं आणि त्यातच तो गेला. आता बोला! ह्या असल्या राजासाठी मी सुतक धरल्यासारखी बसून राहिले होते.

चाचा दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मी चिपळूणची, म्हणजे तशी माहेरचीच माणसं. सडसडीत अंग, मेंदीने केशरी केलेली दाढी, खिशाला चार पेनं. अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर ह्यांच्या कंपनीचं कंत्राट होतं. त्या कंपनीच्या नकाशांच्या खोलीचे चाचा राखणदार. कुठला पाइप कुठून निघून कुठे जातो, कुठला वाल्व कधी बदलला, त्याचं प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या कपाटात. पाच-पाच वर्षं शिकून आलेले इंजिनियर त्यांच्या खिडकीपुढे रांग लावत. चाचा स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले.

आणि हंगेरी? ती अशी आली. चाचा सौदीत नवीन असताना त्यांच्या पोर्टा केबिनमध्ये हंगेरीचा एक इंजिनियर राहायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणही कधी झालं नाही. जाताना तो आपलं एक इंग्रजी पुस्तक चाचांना देऊन गेला, त्याच्या देशाच्या राजांचं. चाचांनी डिक्शनरी घेऊन ते चार वर्षं वाचलं. समासात पेन्सिलीने मराठीत लिहायचे. 'हा बरा माणूस', 'हा लबाड', 'ह्याचं ऐकू नये'. पुढे एका उन्हाळ्यात एसीचं पाणी गळलं आणि मागचं अर्धं पुस्तक भिजून लगदा झालं. त्यामुळे चाचांना हंगेरीचे फक्त सुरुवातीचे राजे ठाऊक. पुस्तक लास्लो नावाच्या राजापाशी, वाक्याच्या मध्येच थांबायचं.

आमच्या सईने एकदा त्यांना विचारलं, "चाचा, नेट पे देखके बताऊँ? लास्लो का आगे क्या हुआ?" पोरगी इंडियन स्कूलमधली. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची.

"नको गो बाय," चाचा घाबरूनच म्हणाले. "आजून जिवंत हाय तो माझा."

दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. हात हलवत कधी आले नाहीत. दमामच्या बाजारातून सुरमई आणायचे, साफ करून, तुकडे पाडून, वर्तमानपत्रात गुंडाळून. इथे सुरमईला कनद म्हणतात, पण चाचा दुकानदाराशी सुरमईच म्हणून हुज्जत घालायचे. जेवताना आम्ही ऑफिसातलं, बिल्डिंगमधलं, गावचं काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "त्यात राजा कोण नि दारातला माणूस कोण?"

दारातला माणूस कोण हे त्यांनी एका शुक्रवारी आम्हाला करूनच दाखवलं. माझ्या कुकरचं झाकण घेतलं, तो मुकुट. उलथनं घेतलं, ती तलवार. दोन्ही टेबलावर ठेवली, रश्शाच्या पातेल्याला सरकवून. मिठाची बाटली टेबलाच्या अगदी कडेला.

"आंद्राश राजा," चाचा म्हणाले, "त्याला मुलगा नव्हता. म्हणून परदेशात ऱ्हाणाऱ्या भावाला बोलावलान. हा बेला. माझ्यामागे राज्य तुझं, म्हणाला. आनि मग राजाला मुलगा झाला! आता भावाचं काय करायचं? तर एक दिवस राजाने बेलाला म्हालात बोलावलान. पुढ्यात मुकुट ठेवलान, तलवार ठेवलान. म्हणाला, काय हवं ते घे. मुकुट म्हणजे राज्य. तलवार म्हणजे आपल्या वाट्याच्या मुलखाची नुस्ती सरदारकी. साहेब, तुम्ही काय घ्याल?"

"मुकुटच की," हे म्हणाले.

"मेलात!" चाचांनी टाळी वाजवली. "राजाने आपल्या माणसांना सांगून ठेवलेलं, ह्याने मुकुटाला हात घातलान की तिथल्या तिथे कापा. पन दारात एक माणूस हुभा होता. बेला आत जाताना तो नुस्ता कानात म्हणाला, जीव हवा तर तलवार घे. बेलाने तलवार घेतलान. वाचला."

"आणि खुर्ची?" सईने विचारलं.

"ती मागनं. पुढे लढाई करून मुकुटपन घेतलान त्याने. मुकुट आला तशी ती खुर्ची आली, नि खुर्चीने मारलान." चाचांनी मिठाची बाटली उचलून माझ्यापुढे ठेवली. "ह्या सगळ्यांत मला आवडतो तो हा. दारातला."

मी माझं झाकण परत घेतलं. भात लावायचा होता.

तेव्हा सौदीकरणाची वर्षं होती. कंपनीत सौदी माणसं किती, त्यावर कंपनीला रंग मिळायचा, हिरवा, पिवळा, लाल. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका 'आज भाजी काय' ह्याच्या आधी 'तुमची कंपनी कुठल्या रंगात' विचारायच्या. काही कामं तर फक्त सौदींसाठीच राखीव झाली होती. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यावर तुमच्या कामाचं नाव लिहिलेलं असतं. ते नाव राखीव यादीत गेलं की इकामा नवा होत नाही आणि इकामा नाही म्हणजे खलास, बॅगा भरा. दर महिन्याला लिफ्टमध्ये कुणाच्या तरी सुटकेसेस दिसायच्या. आमच्या जिवाला घोर होता तो सईचा. आमचे इकामे जानेवारीत संपत होते आणि मार्चमध्ये तिची दहावीची बोर्डाची परीक्षा होती. मध्येच परत जावं लागलं असतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं. मी देवापुढे दुसरं काही मागत नव्हते. मार्चपर्यंत राहू दे रे बाबा, एवढंच.

चाचांच्या हाताखालीही एक सौदी पदवीधर आला, तिशीचा, दोन मुलांचा बाप. चाचांनी त्याला कपाटन् कपाट शिकवलं. मी वैतागले. "चाचा, आपल्याच हाताने आपल्या जागी माणूस बसवताय?"

"वैनी, त्यांचा पयला राजा इश्तवान," चाचा काटा काढत म्हणाले, "त्याने आपल्या पोराला सांगून ठेवलेलं, भायेरनं येनाऱ्या मानसांना जप. एकाच भाषेचं नि एकाच रीतीचं राज्य लेचंपेचं असतं. हे मी ह्याला पयल्याच दिवशी सांगितलं. उद्या हा सायेब होनार. तेव्हा त्याच्या लक्षात ऱ्हायला हवं."

मला मनातून हसू आलं. राजाची शिकवण घेऊन हा माणूस नोकरी वाचवणार! आठ-नऊ महिन्यांत तो सौदी खरंच वर सरकला, माणसांची कागदपत्रं बघणाऱ्या खात्यात. चहाला मात्र तो चाचांच्या खोलीतच यायचा.

ऑक्टोबरात ह्यांना वरच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, साइटचा पर्सोनेल मॅनेजर हो. केबिन, दारावर नावाची पाटी. नाहीतर आहे तिथेच राहा, पंपांच्या सेक्शनला, टेक्निशियनच्या नावावर. परवा सकाळी कागदावर सही करून सांग.

अहो, मला स्वर्ग दोन बोटं उरला! माझ्या धाकट्या जावेचा नवरा बँकेत मॅनेजर. बारा वर्षं मी ते 'आमचे मॅनेजरसाहेब' ऐकत आले होते. मी तासाभरात चिपळूणला फोन लावला. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत आख्ख्या आळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी खोबरच्या बाजारात जाऊन ह्यांना निळा टाय आणला. हे जन्मात टाय बांधलेला माणूस नव्हे. गाठ कशी मारतात ते शिकायलाही सईची मदत घ्यावी लागणार होती.

त्याच दुपारी, चारच्या सुमाराला, बेल वाजली. दारात चाचा. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. अबकैकहून टॅक्सी करून एकटेच आलेले. हे प्लांटमध्ये होते, तिथे मोबाइल नेता येत नाही. सई शाळेत. घरात पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर चाचा उंबऱ्याच्या आत येणार नव्हते, आणि मीही आत बोलावलं नाही. अर्धं दार उघडून उभी राहिले.

"वैनी, सायेबांना सांगा. तलवार घ्या म्हणावं."

"म्हणजे?"

"इतकंच सांगा. कागदावर सई करायच्या आधी सांगा."

"चाचा, पेढे वाटून झालेत," मी म्हटलं.

त्यांनी बाहीने कपाळाचा घाम पुसला. मला वाटलं, जळतोय म्हातारा. स्वतः आयुष्यभर एका खिडकीमागे बसला, आता दुसऱ्याला केबिन मिळतेय ते बघवत नाही. माझ्या मनात आलं ते हे, आणि आज ते लिहिताना मला माझंच तोंड फोडावंसं वाटतं. "बरं, सांगते," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

हे संध्याकाळी शीळ घालत आले. आरशासमोर उभं राहून टाय बांधला, सोडला, पुन्हा बांधला. सई टाळ्या वाजवत होती, "पप्पा, यू लुक लाइक अ बॉस!" मी सांगितलं नाही. जेवताना सांगू म्हटलं, नाही सांगितलं. तोंडाशी यायचं आणि जावेचा चेहरा डोळ्यापुढे आला की परत जायचं. त्यात एक गोष्ट मला छळत होती. चाचा गप्पिष्ट माणूस. गाढवाची गोष्टसुद्धा राजापासून सुरू करणारा. तो भर उन्हात एवढ्या लांब येतो आणि चार शब्द बोलून जातो? आणि सही करायच्या आधी सांगा, असं म्हणतो?

सकाळी पाचला कंपनीची बस खाली यायची. मी डबा हातात दिला. "येतो," म्हणाले. दार बंद झालं. लिफ्टचा आवाज आला आणि माझ्या पायांत कुठून बळ आलं देव जाणे. अंगावर अबायाचा काळा झगा नाही, पायात चपला नाहीत, तशीच बाहेर धावले आणि लिफ्टच्या दारात हात घातला.

"अहो, काल चाचा आले होते. तलवार घ्या म्हणाले."

हे माझ्याकडे बघत राहिले. आधी हसले. मग हसू गेलं. "कधी?" विचारलं. "चार वाजता, मी पाणी..." एवढं बोलेपर्यंत लिफ्टचं दार मिटलं आणि लिफ्ट खाली गेली.

तो दिवस मी कसा काढला ते मला माहीत. फोन करायची सोय नाही. पोळ्या करपल्या, दूध उतू गेलं. एकदा वाटायचं, मुकुटच घेतला असेल, बरं होईल. एकदा वाटायचं, देवा, नको. संध्याकाळी हे आले. टाय खिशात कोंबलेला. बूट काढता काढता म्हणाले, "तलवार."

मी ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू, पोरीसाठी नव्हे, त्या पाटीसाठी रडले. पेढे खाल्लेल्या आळीला आता काय सांगायचं? जावेने तर फोनवर विचारलंच, "वहिनी, केबिनमध्ये एसी आहे ना?" मी म्हटलं, "आहे हो," आणि फोन ठेवला. तीन महिने मी चाचांवर फुगून होते. शुक्रवारी 'सईचा अभ्यास आहे' म्हणून सांगायचे. चाचांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. ह्यांच्या हाती सुरमई मात्र येत राहिली, साफ करून, गुंडाळून. मी ती तळायचे आणि खायचेही, वर तोंड वाकडं करून.

त्या केबिनमध्ये दुसऱ्या सेक्शनमधला एक गृहस्थ बसला. जानेवारीत इकामे नूतनीकरणाला गेले. आमचे आठ दिवसांत आले. त्या गृहस्थाचा आला नाही. पर्सोनेलचं काम राखीव यादीत होतं, आणि साहेबांना ते आधीपासून ठाऊक होतं. त्यांना ह्यांच्या पंपांच्या जागेवर आपल्या मेव्हण्याला आणायचं होतं. ह्यांना काढायला काही कारण नव्हतं, म्हणून मुकुट पुढे ठेवला होता. हे मला कळलं तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. नवं इकाम्याचं कार्ड हातात घेतलं, सईचं नाव वाचलं, माझं वाचलं, ह्यांचं वाचलं. जीव असा भांड्यात पडला की मला हसूच फुटलं. त्या गृहस्थाची मंडळी निघाली त्या दिवशी मी त्यांच्यासाठी वाटेत खायला पुऱ्या करून दिल्या. त्याला पुढे कुवेतला काम मिळालं हे ऐकेपर्यंत माझा घास घशाखाली नीट उतरत नव्हता.

"पण चाचांनी सरळ का नाही सांगितलं हो?" मी ह्यांना विचारलं.

तर, बातमी त्या सौदी पदवीधराने दिली होती, आणि हे आता त्यानेच ह्यांना सांगितलं होतं. कागद त्याच्याच टेबलावरून गेला होता. चहा पिताना तो चाचांना म्हणाला, ह्या जागेवर जो बसेल तो जानेवारीत जाईल. माझं नाव कुठे येता कामा नये, माझीही नोकरी जाईल. चाचांनी त्याला शब्द दिला होता. साहेबांचे कान सगळीकडे, आणि मी तर अशी की मला दुपारी सांगितलेलं संध्याकाळी चिपळूणला पोचतं. शुक्रवारच्या गप्पांवरून ते त्यांना कळलंच होतं. तेव्हा नाव नाही, कारण नाही, नुसती तलवार.

आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. अबकैक ते खोबर, तसल्या उन्हात, माझ्या पोरीच्या वर्षासाठी आलेला म्हातारा माणूस, आणि मी चिपळूणची बाई, जिच्या माहेरी पोस्टमनलाही आधी गूळपाणी मिळायचं, ती अर्ध्या दारातून 'बरं' म्हणून दार लावते! मला राहवेना. मी ह्यांना म्हटलं, "शुक्रवारी चाचांना घेऊनच या. मासे आणू नका म्हणावं. मासे मी आणलेत."

शुक्रवारी बेल वाजली. मी दोन्ही दारं सताड उघडली आणि उंबऱ्यातच पाण्याचा तांब्या नि पेला घेऊन उभी राहिले. काय काय बोलायचं ते सकाळपासून ठरवलं होतं. एक अक्षर आठवेना. नुसता पेला पुढे केला.

चाचांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. डोळे मिचकावून म्हणाले, "वैनी, हुभ्याने पानी पीत नाय मी."

मग आत आले. टेबलापाशी गेले. खुर्चीची पाठ धरली, पुढेमागे डुलवली, वाकून चारी पाय बघितले. सई तोंडावर हात ठेवून हसत होती, तिची पुस्तकं टेबलभर पसरलेली, परीक्षेला सात आठवडे उरलेले.

"हलवा, चाचा," मी म्हटलं. "चांगली हलवून बघा."